लांगरहान्स यांनी पाहिलेली बेटे

बर्लिन विद्यापीठात फेब्रुवारी १८६९ मध्ये वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने पदवीसाठी छोटासा प्रबंध सादर केला. विद्यार्थ्याचे नाव पॉल लांगरहान्स, वय २१. प्रबंधाचा विषय होता स्वादुपिंडाची सूक्ष्म रचना. पाचकरस तयार करणाऱ्या पेशींच्या दाटीत मधूनमधून लहान, बहुकोनी, नितळ दिसणाऱ्या पेशींचे पुंजके आढळतात, असे त्याने त्यात लिहिले होते. हे पुंजके शेजारच्या पेशींहून अगदी वेगळे दिसत. ते काय काम करतात, हे मात्र त्याला सांगता आले नाही आणि तसे त्याने सरळ नमूदही केले. आज जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत हे पुंजके त्याच्याच नावाने शिकवले जातात, कारण शरीराला लागणारे इन्सुलिन तिथे तयार होते. ते कळेपर्यंत लांगरहान्स हयात नव्हते.

पॉल यांचा जन्म २५ जुलै १८४७ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील शहरातले नावाजलेले डॉक्टर, त्यांचेही नाव पॉलच. घरात वैद्यकाचे वातावरण होते. आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे रुडॉल्फ फिरखो यांच्याशी कुटुंबाचा स्नेह होता. पुढे पॉल यांचा सावत्र भाऊ रॉबर्ट हाही विकृतिशास्त्रज्ञ होऊन फिरखोंच्या हाताखालीच काम करू लागला. बर्लिनमधल्या एका जुन्या, प्रतिष्ठित शाळेत पॉल शिकला आणि १८६५ च्या सुमारास वैद्यक शिकायला येना विद्यापीठात गेला. तिथे त्याला एर्न्स्ट हेकेल हे प्राणिशास्त्रज्ञ भेटले. समुद्रातल्या लहानसहान जिवांचे त्यांना वेड होते आणि डार्विनच्या सिद्धांताचे ते जर्मनीतले सर्वांत बोलघेवडे पुरस्कर्ते होते. वर्षा-दोन वर्षांत पॉल बर्लिनला परतला, पण हेकेल यांनी लावलेली समुद्री जिवांची गोडी त्याच्या मनातून गेली नाही. दहा वर्षांनंतर, अगदी वेगळ्या परिस्थितीत, तीच त्याच्या उपयोगी पडली.

बर्लिनमध्ये फिरखोंची प्रयोगशाळा म्हणजे तरुण डॉक्टरांची पंढरीच होती. प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्माला येते, हा विचार फिरखो यांनी ठामपणे मांडलेला. त्यामुळे शरीराचा कुठलाही भाग घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि तिथल्या पेशींची शिरगणती करायची, असा तो काळ होता. आज हे काम कंटाळवाणे वाटेल, पण तेव्हा ते नव्या भूभागाचे नकाशे काढण्यासारखे होते. फिरखोंचे सहायक युलिउस कोनहाइम यांनी ऊती सोन्याच्या क्षाराने रंगवण्याची पद्धत आणली होती. तिने मज्जातंतूंचे बारीक धागे काळसर दिसू लागत. पॉलने ही पद्धत माणसाच्या त्वचेवर वापरली. त्वचेच्या वरच्या थरात त्याला फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी आढळल्या. मज्जातंतू रंगवणाऱ्या पद्धतीने त्या उठून दिसल्या, म्हणजे त्या मज्जापेशीच असणार, असे त्याला वाटले. हा शोधनिबंध १८६८ मध्ये फिरखोंच्या नियतकालिकात छापून आला. या पेशी मज्जासंस्थेच्या नसून रोगप्रतिकारक संस्थेच्या पहारेकरी आहेत, हे उमगायला शंभर वर्षे लागली. त्यांनाही आज लांगरहान्स पेशी म्हणतात. वयाच्या विशीत, पदवीही हातात नसताना, एका वर्षाच्या अंतराने दोन पेशीसमूहांना आपले नाव मिळावे असे काम करणारा विद्यार्थी वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्वचेनंतर त्याने स्वादुपिंड हातात घेतले. जठराच्या मागे आडवे पसरलेले, साधारण वीतभर लांबीचे हे इंद्रिय त्या काळी फारसे कुणाच्या खिजगणतीत नव्हते. जर्मन भाषेत त्याच्या नावाचा अर्थच ‘पोटातली लाळग्रंथी’ असा होतो. जेवण पचवणारा रस आतड्यात सोडणे हे त्याचे काम आहे आणि त्यापलीकडे त्यात काही नाही, अशी समजूत होती. समजूत निराधार नव्हती. फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी स्वादुपिंडाच्या रसाने चरबीचे पचन होते हे काही वर्षांपूर्वीच दाखवले होते.

अडचण होती ती ऊती टिकवण्याची. स्वादुपिंडातले पाचकरस इतके जहाल असतात, की प्राणी मेल्यावर ते आपल्याच ऊतीला पचवू लागतात. वेळ गेला की सूक्ष्मदर्शकाखाली नुसता लगदा दिसतो. पॉलने मुख्यतः सशांचे ताजे स्वादुपिंड घेतले, ते क्रोमियमच्या क्षाराच्या द्रावणात दोन-तीन दिवस मुरवले आणि मग त्याचे बारीक भाग सुटे करून पाहिले. पेशी रंगवायला आज मिळतात तशी नाना रंगद्रव्ये तेव्हा नव्हती. डोळ्याला जे दिसेल तेच खरे. पाचकरस बनवणाऱ्या पेशी कणांनी गच्च भरलेल्या दिसत. त्यांच्यामध्येच मिलिमीटरच्या दहाव्या ते चौथ्या भागाएवढे फिकट ठिपके होते. त्यांतल्या पेशींत कण नव्हते, त्यांची केंद्रके गोल होती आणि त्या एकमेकींना बिलगून बसलेल्या होत्या. सशांमध्ये या ठिकाणी मज्जातंतूंची दाटी असते, हेही त्याने टिपले.

इथे त्याने केले काय आणि काय केले नाही, हे पाहण्याजोगे आहे. त्याने हे ठिपके ऊती नीट न मुरल्यामुळे दिसतात म्हणून सोडून दिले नाहीत. आणि त्यांच्या कार्याबद्दल एखादा भपकेबाज सिद्धांतही चिकटवला नाही. वर्षभरापूर्वी त्वचेतल्या पेशींना मज्जापेशी ठरवण्याची घाई त्याने केली होती, तेवढी या वेळी केली नाही. वर्णन चोख दिले आणि स्पष्टीकरणाची जागा कोरी ठेवली. स्वादुपिंडात एकमेकांना खेटून दोन वेगवेगळ्या जातींच्या पेशी राहतात, एवढे त्या प्रबंधातून पक्के झाले. त्यामागून येणारे दोन प्रश्न पुढच्यांसाठी उरले. या पेशी करतात काय? आणि एकाच ग्रंथीतल्या शेजारणी इतक्या वेगळ्या होतात कशा?

पदवी मिळाल्यावर लांगरहान्स एका जागी बसले नाहीत. भूगोलतज्ज्ञ रिचर्ड कीपर्ट यांच्याबरोबर १८७० मध्ये ते इजिप्त, सीरिया आणि पॅलेस्टाइनच्या प्रवासाला निघाले. तिथे त्यांनी कुष्ठरोग्यांची पाहणी केली, स्थानिक लोकांच्या शरीराची मापे घेतली. तेव्हाच्या युरोपीय विद्वानांना असल्या मोजमापांचा मोठा सोस होता. तेवढ्यात फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. लांगरहान्स परतले आणि सैन्याच्या वैद्यकीय पथकात दाखल झाले. युद्धानंतर लायप्झिग येथे थोडा काळ काम करून ते फ्रायबुर्ग विद्यापीठात गेले. शवविच्छेदनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १८७४ मध्ये ते प्राध्यापक झाले. वय २७. विषय मनाजोगता, पाठीशी फिरखोंसारखा गुरू. पुढचा रस्ता आखून दिल्यासारखा होता.

त्याच वर्षी त्यांना क्षयरोग झाला. बहुधा तो शवविच्छेदनगृहातूनच आला असावा, असे त्यांच्या चरित्राचे अभ्यासक मानतात. त्या काळात रोगाचे जंतू ठाऊक नव्हते, हातमोजे नव्हते, क्षयाने दगावलेल्यांची फुप्फुसे उघड्या हातांनी हाताळली जात. औषध तर कुठलेच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून सत्तर वर्षे होती. डॉक्टर एकच सल्ला देत, हवापालट. लांगरहान्स इटलीत नेपल्स, पालेर्मो, काप्री असे फिरले. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या थंड, कोरड्या हवेत राहून पाहिले. कुठेच उतार पडेना. विद्यापीठातली जागा सोडावी लागली. अखेर ऑक्टोबर १८७५ मध्ये ते मादेइरा बेटावर पोहोचले.

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यापासून दूर, अटलांटिक महासागरातले हे पोर्तुगीज बेट तेव्हा क्षयरोग्यांचे माहेरघर बनले होते. हिवाळा उबदार, उन्हाळा सौम्य, म्हणून युरोपातले पैसेवाले रुग्ण फुंशाल या तिथल्या मुख्य गावात महिनोन्‌महिने मुक्कामाला येत. बरेचजण तिथेच मातीआड होत. लांगरहान्स यांची प्रकृती मात्र थोडी सावरली. फ्रायबुर्गला परत जाऊन पूर्वीचे काम करता येईल इतकी ती कधीच सुधारली नाही. हे उमगल्यावर त्यांनी तिथेच दवाखाना सुरू केला. येणारे रुग्ण बहुतेक क्षयाचेच असत. रोग्यांना तपासणारा डॉक्टर स्वतः त्याच रोगाने खोकत होता.

प्रयोगशाळा गेली, पण सूक्ष्मदर्शक हाताशी होता आणि दाराशी समुद्र होता. येनामध्ये हेकेल यांच्याकडे मिळालेला धडा आता कामी आला. लांगरहान्स यांनी मादेइराच्या किनाऱ्यावरचे समुद्री कृमी गोळा करायला सुरुवात केली. अंगावर केसांसारखे राठ काटे असलेले, गांडुळाच्या नात्यातले हे प्राणी खडकांच्या कपारीत आणि शेवाळात राहतात. बरेचसे इतके लहान, की नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत. त्यांनी त्यांचे चिकाटीने वर्गीकरण केले, कितीतरी नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. एका नव्या प्रजातीला १८७९ मध्ये त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले, फिरखोविया. समुद्री कृमींच्या अभ्यासकांच्या यादीत ते नाव आजही आहे. म्हणजे मधुमेहाच्या पुस्तकातले लांगरहान्स आणि समुद्री कृमींच्या पुस्तकातले लांगरहान्स हे एकच, याची पुष्कळ डॉक्टरांना आणि पुष्कळ प्राणिशास्त्रज्ञांना कल्पना नसते.

बेटावरचे दिवस अगदीच उदास नव्हते. १८८५ मध्ये त्यांनी मादेइरावर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. हवा, झाडेझुडपे, राहण्याची सोय, आजारी माणसाने काय काळजी घ्यावी, असे सारे त्यात होते. फुंशालमधल्या इंग्रजांच्या दफनभूमीचाही त्यांनी त्यात मोठ्या जिव्हाळ्याने उल्लेख केला आहे. ती जागा एकांतातली, शांत आणि सुरेख असल्याचे ते लिहितात. त्याच वर्षी त्यांनी मार्गारेट एबार्ट यांच्याशी विवाह केला. त्या लांगरहान्स यांच्याच एका दिवंगत रुग्णाच्या पत्नी. दरम्यान १८८२ मध्ये रॉबर्ट कोख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला होता. ज्या रोगाने आपले करिअर हिरावून घेतले, त्याच्या कारणांविषयी लांगरहान्स यांनीही बेटावरच्या अनुभवाच्या आधारे लेखन केले.

विवाहानंतर जेमतेम दोन वर्षे बरी गेली. १८८७ मध्ये पायांवर सूज येऊ लागली, डोके दुखू लागले. मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. २० जुलै १८८८ रोजी लांगरहान्स यांचे निधन झाले. एक्केचाळीसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. ज्या दफनभूमीची त्यांनी वाखाणणी केली होती, तिथेच त्यांना पुरण्यात आले.

नियतीचा भाग असा, की त्यांनी कोरी ठेवलेली जागा भरायला सुरुवात झाली ती पुढच्याच वर्षी. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे योसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. त्यांना पाहायचे होते चरबीचे पचन, दिसला मधुमेह. कुत्रा सारखी लघवी करू लागला आणि त्या लघवीत साखर निघाली. (लघवीवर माश्या जमल्या आणि त्यावरून कळले, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मिन्कोव्स्की यांनी थेट तपासणीच केली होती असे मानायला अधिक आधार आहे.) पुढे मिन्कोव्स्की यांनी स्वादुपिंडाचा तुकडा कुत्र्याच्या कातडीखाली रोवला, तेव्हा मधुमेह टळला. आतड्याशी कसलाच संबंध नसलेला तुकडा हे काम करतो, म्हणजे स्वादुपिंड पाचकरसाखेरीज काहीतरी थेट रक्तात सोडत असले पाहिजे.

ते कुठून येते याचा अंदाज १८९३ मध्ये फ्रान्सच्या गुस्ताव्ह लागेस यांनी बांधला. त्यांना लांगरहान्स यांचा जुना प्रबंध आठवला. ते नितळ पुंजकेच हा आतला स्राव करत असावेत, असे त्यांनी मांडले आणि पुंजक्यांना ‘लांगरहान्सची बेटे’ असे नाव दिले. लागेस यांचे आणखी एक काम आज विशेष मोलाचे वाटते. त्यांनी गर्भातले स्वादुपिंड तपासले आणि ज्या नलिकांपासून पाचकरसाच्या पेशी तयार होतात, त्याच नलिकांच्या भिंतीतून बेटांच्या पेशीही फुटतात, हे दाखवले. दोघींचे कूळ एकच. मग वाटा वेगळ्या कुठे होतात?

मधला इतिहास सर्वपरिचित आहे. मधुमेहाने दगावलेल्यांच्या स्वादुपिंडात बेटे बिघडलेली असतात, हे १९०१ मध्ये अमेरिकेतल्या यूजीन ओपी यांनी दाखवले. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून अर्क काढला, कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनचा जीव त्याने वाचला. बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्या द्रव्याला इन्सुलिन म्हणू लागले. लांगरहान्स यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात आणि त्यांचे एकत्रित वजन एक-दोन ग्रॅमच भरते. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात, अल्फा पेशी साखर वाढवणारे ग्लुकागॉन बनवतात, बाकीच्या थोड्या इतर संप्रेरके.

दुसरा प्रश्न जास्त चिवट निघाला. इन्सुलिनचे जनुक काही फक्त बीटा पेशीत नसते. ते डोळ्यातल्या पेशीत आहे, हाडातल्या पेशीत आहे, बीटा पेशीला खेटून बसलेल्या पाचकरसाच्या पेशीतही आहे. सगळीकडे ते मिटलेल्या पुस्तकासारखे पडून असते. ते उघडते फक्त बीटा पेशीत. म्हणजे पेशींमधला फरक जनुकांच्या असण्या-नसण्याचा नसून कुठले जनुक चालू आणि कुठले बंद, याचा आहे. ही चालू-बंद ठेवण्याची व्यवस्था काही नियामक प्रथिने सांभाळतात. ती डीएनएवर ठरावीक ठिकाणी जाऊन बसतात आणि शेजारचे जनुक वाचले जावे की नाही, हे ठरवतात. ही नियामक प्रथिनेही जनुकांवरूनच बनतात. म्हणून कुठल्या क्रमाने कोण चालू होते, यावर गर्भातल्या पेशीचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

या साखळीतला पहिला ठळक दुवा १९९४ मध्ये हाती आला. पीडीएक्स-१ नावाचे नियामक जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मले ते स्वादुपिंडाविनाच. गर्भाच्या आतड्यातून स्वादुपिंडाचा कोंब फुटतो, पण पीडीएक्स-१ नसेल तर तो वाढत नाही. हेच प्रथिन पुढे प्रौढ बीटा पेशीत राहते आणि इन्सुलिनच्या जनुकापुढे बसून ते चालू ठेवते. एकच नियामक आधी अख्खे इंद्रिय उभारतो आणि मग त्यातल्या एका पेशीचे रोजचे काम पाहतो. १९९७ मध्ये याच जनुकात बिघाड असलेले, स्वादुपिंडाविना जन्मलेले मूलही नोंदले गेले.

दुसरा दुवा नेमका वाट फुटण्याच्या जागेवरचा. न्यूरोजेनिन-३ नावाचे जनुक गर्भातल्या नलिकांच्या भिंतीत काही मोजक्या पेशींतच थोड्या वेळापुरते चालू होते. ज्या पेशीत ते चालू होते, ती बेटाच्या वाटेला लागते आणि त्याच वेळी शेजारच्या पेशींना तसे न करण्याचा संकेत पाठवते. शेजारणी मग नलिका किंवा पाचकरसाच्या पेशी होण्यासाठी मागे उरतात. म्हणून बेटे ही बेटेच राहतात, सगळे स्वादुपिंड बेट बनत नाही. हे जनुक नसलेल्या उंदरांमध्ये बेटांची एकही पेशी तयार होत नाही आणि पिल्ले जन्मल्यावर एक ते तीन दिवसांत मधुमेहाने मरतात, हे २००० मध्ये सिद्ध झाले. ते काम झाले स्ट्रासबुर्गजवळच्या प्रयोगशाळेत. मिन्कोव्स्की यांचा कुत्रा ज्या शहरात होता, त्याच परिसरात. आणखी गंमत म्हणजे या जनुकाचे सख्खे भाऊबंद गर्भाच्या मेंदूत मज्जापेशी घडवतात, नावातही ते दिसते. पेशी घडवण्याची एकच जुनी युक्ती निसर्गाने दोन ठिकाणी वापरलेली आहे.

न्यूरोजेनिन-३ नंतर पुढच्या नियामकांची पाळी. पॅक्स-४ पेशीला बीटाच्या बाजूने ढकलते, एआरएक्स अल्फाच्या बाजूने. शेवटी एमएएफए हे जनुक चालू झाले, की पेशी रक्तातली साखर ओळखून इन्सुलिन सोडण्याइतकी पक्व होते.

हे सारे उंदरांपुरते राहिले असते, तर रुग्णांना त्याचे सोयरसुतक नव्हते. पण काही बाळे स्वादुपिंडाविना जन्मतात. जन्मतःच मधुमेह, अन्नही पचत नाही. त्यातल्या काही बाळांमध्ये वैज्ञानिकांना नेहमीच्या जनुकांत काहीच बिघाड सापडेना. उत्तर २०१४ मध्ये मिळाले. पीटीएफ-१ए हे जनुक स्वादुपिंड आणि लहान मेंदू या दोन्हींच्या घडणीला लागते. त्या जनुकात मोड झाली तर दोन्ही बिघडतात. या बाळांचा मेंदू मात्र शाबूत होता आणि जनुकही. बिघाड होता तो जनुकापासून सुमारे २५ हजार अक्षरे दूर असलेल्या, अवघ्या ४०० अक्षरांच्या डीएनएच्या तुकड्यात. त्या तुकड्यावरून कुठलेच प्रथिन बनत नाही. त्याचे काम एकच, गर्भात स्वादुपिंड घडत असताना, त्याच पेशींमध्ये, पीटीएफ-१ए चालू करणे. मेंदूतली कळ वेगळी असल्यामुळे मेंदू वाचला. पूर्वी डीएनएचा असा भाग अडगळ समजून बाजूला ठेवला जाई.

घडणीतले काही दोष इतके तीव्र नसतात. एचएनएफ-१ए या नियामक जनुकातल्या दोषाने होणारा मधुमेह साधारणपणे किशोरवयात किंवा तरुणपणी दिसतो आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. सडपातळ तरुणाला मधुमेह म्हटले की तो टाइप-१ समजून इन्सुलिनची सुई सुरू केली जाते. पण या प्रकारात बऱ्याच रुग्णांना जुनी, स्वस्त सल्फोनिलयुरिया गटातली गोळी पुरते. त्यासाठी जनुकीय तपासणी करून निदान पक्के व्हावे लागते आणि औषधातला बदल डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा असतो. आजोबा, वडील, मुलगा असा तरुण वयातला मधुमेह घरात असेल, तर डॉक्टरांना तो इतिहास आवर्जून सांगावा.

आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या टाइप-२ मधुमेहाची कथा इतकी सरळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यातले बहुसंख्य टाइप-२ चे. त्यामागे वजन, आहार, आनुवंशिकता अशी अनेक कारणे गुंतलेली असतात. तरीही नियामक जनुकांचा धागा इथेही सापडतो. सतत जादा साखरेचा ताण पडलेल्या बीटा पेशी सगळ्याच मरत नाहीत. काही आपली ओळख विसरतात, पक्वतेची जनुके बंद करून गर्भावस्थेतल्या पेशींसारख्या होतात, असे २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले. बीटा पेशी एकदा घडली म्हणजे कायमची घडली असे नाही. ती बीटा राहण्यासाठी कळा रोज चालू ठेवाव्या लागतात.

पेशीची वाट उलटी वळवता येते का, याचेही उत्तर मिळाले आहे. अमेरिकेत हार्वर्डमध्ये २००८ साली चियाओ झोऊ आणि डग्लस मेल्टन यांनी पीडीएक्स-१, न्यूरोजेनिन-३ आणि एमएएफए ही तीन जनुके प्रौढ उंदराच्या स्वादुपिंडातल्या पाचकरसाच्या पेशींत चालू केली. त्या पेशी इन्सुलिन बनवू लागल्या. लांगरहान्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ज्या दोन जाती वेगळ्या काढल्या होत्या, त्यातली एक दुसरीसारखी झाली.

त्यानंतर मेल्टन आणि इतरांनी गर्भातला क्रमच प्रयोगशाळेत गिरवला. मूळपेशींना टप्प्याटप्प्याने तेच संकेत देत, तीच जनुके त्याच क्रमाने चालू करत त्यांच्यापासून बेटांच्या पेशी बनवल्या. टाइप-१ च्या तीव्र रुग्णांवर त्यांची चाचणी झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० रुग्णांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते. रुग्ण थोडे आहेत आणि शरीराने या परक्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सर्वांना घ्यावी लागतात. त्यांचे दुष्परिणाम किरकोळ नाहीत, त्यामुळे हा उपचार सरसकट देण्याजोगा अजून झालेला नाही. या पेशी रुग्णाच्या स्वादुपिंडात सोडत नाहीत, कारण तिथल्या पाचकरसांना डिवचणे धोक्याचे असते. त्या यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून आत जातात आणि यकृतातच ठाण मांडून इन्सुलिन बनवतात.